सदतीस बटा अडीचशे

बिदर-कलबुर्गी भागातल्या मराठी माणसाने नवं घर बांधलं, की दिवाणखान्यात काय टांगायचं हा प्रश्न आजवर कधी पडला नाही. माणिकप्रभू, तुळजाभवानी, शिवाजी महाराज आणि लग्नातला मोठा करून घेतलेला फोटो, एवढ्यात भिंत भरायची. अलीकडे मात्र या भिंतीवर एक नवा पाहुणा आला आहे आणि त्याच्यासोबत एक नवा गृहस्थही. तो डॉक्टर असतो, ठेकेदार असतो, नाहीतर मुलगा परदेशी गेलेला निवृत्त प्राध्यापक असतो. त्याने लंडनच्या कुणा हयात चित्रकाराचं ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ मागवलेलं असतं. चित्रात काय आहे, हे त्याला विचारू नये. चित्राखाली काय आहे, ते विचारावं. खालच्या कोऱ्या पट्टीवर उजवीकडे सही असते आणि डावीकडे पेन्सिलीने ३७/२५० असं लिहिलेलं असतं. अडीचशे प्रतींमधली ही सदतिसावी. या आकड्यावर त्याचा इतका जीव, की आपण त्याला बटेराव म्हणायला हरकत नाही.

बटेरावांचं पहिलं भांडण फ्रेमवाल्याशी होतं. शरणबसवेश्वर आणि ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याच्या तसबिरी वर्षानुवर्षं मढवणारा हा कारागीर चित्राभोवतीची कोरी पट्टी सरळ जाड पुठ्ठ्याखाली दाबतो, कारण त्याच्या लेखी पेन्सिलीची खरड दिसणं म्हणजे कामात कसर. बटेराव हातात पट्टी घेऊन समोर बसतात आणि पुठ्ठा अर्धा इंच खाली कापून घेतात, आकडा दिसलाच पाहिजे म्हणून. मग उन्हाचा प्रश्न. कलबुर्गीचा मे महिना रंग उडवील, या धास्तीने चित्र दिवाणखान्यातून उठून आतल्या बोळात जातं आणि तिथला दिवाही पाहुणे आल्यावरच लागतो. भालकीहून आलेले मेहुणे चष्मा लावून वाकतात, आकडा वाचतात आणि मनापासून कौतुक करतात, “भावजी, अडीचशेचं सदतीसला मिळालं म्हणायचं!” बटेराव त्या दिवशी जेवत नाहीत.

इथवर हसणं सोपं आहे. गावात बटेरावांवर जी टीका होते तीही सोपी आहे: हे गोऱ्या चामडीचं वेड आहे, दुसरं काही नाही. ही टीका मला पटत नाही, कारण ते वेड असेल तर या मुलखात ते फार जुनं आणि फार प्रतिष्ठित आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग राज्यात होता, आणि हैदराबादेत सालारजंग घराण्याने युरोपातली चित्रं, घड्याळं, पुतळे इतके जमवले की १९५१ मध्ये त्यांचं संग्रहालयच झालं. तिथल्या ‘व्हेल्ड रिबेका’ या संगमरवरी पुतळ्यासमोर आपली माणसं आजही तोंडात बोट घालून उभी राहतात आणि कुणी त्यांना इंग्रजाळलेलं म्हणत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर अस्सल मराठी संस्थानात पाश्चात्त्य कलेला टेकडीवरच्या संग्रहालयात जागा दिली आणि त्याबद्दल आपण त्यांना रसिक म्हणतो. शिवाय दिखाव्याला ओळखणारा प्रेक्षक लागतो. ज्या गावात त्या चित्रकाराचं नाव दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही तिथे त्याचं चित्र लावून मिरवायचं, म्हणजे मुक्याला कोडं घालण्यासारखं. मिरवायचंच असतं तर बटेरावांनी त्याच पैशांत मोटार बदलली असती.

माझं म्हणणं निराळं आहे. बटेराव चित्रं जमवतच नाहीत, ते दाखले जमवतात. पुरावा त्यांच्याच घरात आहे. चित्राबरोबर जे ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ येतं, ज्यावर चमकणारा शिक्का असतो, त्याला ते लॅमिनेशन करून घेतात आणि शेताची पहाणी (म्हणजे इकडचा सातबारा), खरेदीखतं आणि बायकोचं सोनं यांच्या शेजारी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. चित्र बोळात, कागद लॉकरात. चोर आला तर चित्र नेईल, पण कागद शाबूत आहे म्हटल्यावर बटेरावांना झोप लागेल. आणि यात मूर्खपणा नाही, इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी एका कागदाने जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे केले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. शेत हललं नाही, विहीर हलली नाही, सोयरीक तुटली नाही. पण उदगीरच्या मामाकडे सातबारा आणि भालकीच्या भाच्याकडे पहाणी, असं झालं. पुढे म्हैसूरचं कर्नाटक झालं, गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण कर्नाटक झालं. संविधानाच्या ३७१ (जे) कलमाने या भागाला राखीव जागा दिल्या, तर त्यासाठीही आपण याच भागातले असल्याचा दाखला लागला. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपण कोण हे कागदानेच सांगितलं, त्याने चित्र अस्सल आहे का हे डोळ्यांऐवजी कागदाला विचारलं, तर नवल कसलं?

आता बटेरावांची बाजू घेणारे विचारतील, की आकड्याला अर्थ नाही का? होता. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून चित्र छापतात, तेव्हा ओरखड्याच्या कडेला उठलेली धातूची कूस दाबाखाली लवकर झिजते. काही डझन प्रती चांगल्या निघतात, मग रेषा फिकी पडते. तिथे लवकरची प्रत म्हणजे खरोखर चांगली प्रत, मर्यादा धातूची होती. आज बरीचशी चित्रं शाईच्या फवाऱ्याने, संगणकातल्या फाईलवरून छापतात. ती फाईल झिजत नाही. सदतिसावी प्रत आणि दोनशे सदतिसावी यांत ब्रह्मदेवालाही फरक दिसणार नाही. म्हणजे मर्यादा आता विकणाऱ्याच्या शब्दाची, आणि त्या शब्दाचा इतिहास फारसा सोज्वळ नाही. व्हिस्लर या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पेन्सिलीने सही केलेल्या प्रतींना बिनसहीच्या प्रतींच्या दुप्पट भाव लावून बघितला, आणि लोकांनी तो दिला. साल्वादोर दालीने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या. १९७४ मध्ये असे चाळीस हजार कोरे सहीचे कागद फ्रान्सच्या कस्टम अधिकाऱ्यांच्या हाती लागले. आणि चित्रकार डेमियन हर्स्टने २०२१ मध्ये चेरीच्या बहराची आठ प्रिंटं काढली, प्रत्येकी तीन हजार डॉलरना. ठरलेल्या दिवसांत जितक्या मागण्या येतील तितक्याच प्रती छापायच्या, अशी अट. एकूण ७,४८१ प्रती विकल्या गेल्या. मर्यादित म्हणजे किती? तर जितके घेणारे मिळतील तितके. लग्नाच्या पंगतीलाही याहून कडक मर्यादा असते.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आणि म्हणून जास्त लोकप्रिय आहे: घरची कला सोडून हे परदेशी कशाला? बिदरीची सुरई घ्या, किल्ल्यातल्या मातीने काळी केलेली, चांदीची तार हाताने ठोकून बसवलेली. प्रत्येक नग आपापला एकटा. पण बटेरावांच्या घरी बिदरी आहेच, बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याला निरोप देताना उरलेली. ती त्यांना मौल्यवान वाटत नाही, कारण तिच्यावर आकडा नाही. एस. एम. पंडितांचं तर त्याहून वाईट. १९१६ मध्ये याच गुलबर्ग्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत सिनेमाची पोस्टरं, ‘फिल्म इंडिया’ची मुखपृष्ठं आणि पुराणातल्या देवादिकांची कॅलेंडरं रंगवून घराघरांत पोचला. गावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, बटेराव तिथे भाषणंही ऐकतात. पण ज्याचं चित्र वाण्याच्या दुकानात फुकट मिळायचं त्याला संग्रहात कसं घ्यायचं? रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला तो नेमका उलट हिशेबाने, जितक्या भिंती तितक्या प्रती. आमच्या आज्या त्या लक्ष्मीला हळदकुंकू वाहत होत्या तेव्हा ही कितवी प्रत, हे कुणी विचारलं नाही. म्हणून बटेरावांना देशी कलेचा उपदेश करण्यात अर्थ नाही. उद्या बिदरीवाल्याने तळाशी १२/५० कोरलं, तर ते रांगेत पहिले असतील. त्यांचा आक्षेप देशाला नाही, बिनआकडी वस्तूला आहे.

उरला गुंतवणुकीचा मुद्दा, जो बटेराव स्वतः मांडतात. तो ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. विकायला लिलाव लंडनात, पाठवणी विमानाने, कमिशन दलालाचं. आणि मुख्य म्हणजे ते विकणारच नाहीत. विकलं तर लॉकरातला कागदही द्यावा लागेल. त्यांना फायदा नको आहे, खात्री हवी आहे, आणि जिथे सरहद्दसुद्धा तारीख बघून हलते तिथे खात्रीची भूक मी तरी हास्यास्पद मानणार नाही. हास्यास्पद आहे ते इतकंच, की ती भूक त्यांनी चित्राच्या ताटावर बसून भागवायला घेतली. कागद फार तर एवढं सांगतो, की चित्र खरं आहे आणि तुमचं आहे. ते तुम्हाला आवडतं, हा दाखला ना लंडनची गॅलरी देते, ना भालकीचा तहसीलदार. तो अर्ज ज्याचा त्यानेच लिहायचा आणि ज्याचा त्यानेच मंजूर करायचा. आणि बटेराव अजून कुठल्या खिडकीवर रांग लावायची, याची चौकशी करत आहेत.