दवाखान्याच्या फळ्यावरील वाङ्मय

ग्रामीण महाराष्ट्रातील खासगी दवाखान्याच्या दारात जो काळा फळा टांगलेला असतो, त्यावरील मजकुराला मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी आजवर कोणताही दर्जा दिलेला नाही, ही त्या इतिहासकारांची उणीव मानावी लागते. कारण एकही कविता न वाचता आयुष्य काढलेली माणसे बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पुष्कळ सापडतील, पण ‘आज दवाखाना बंद आहे’ हे वाचून उलट पावली न फिरलेला माणूस शोधूनही मिळणार नाही. प्रस्तुत विवेचन लासुर्णे येथील एका छोट्या दवाखान्याच्या फळ्यापुरते मर्यादित आहे. हा दवाखाना एक डॉक्टर दांपत्य चालवते आणि फळ्याचे लेखन गेली नऊ वर्षे गावातील एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकाकडे आहे. हा शिक्षक आणि प्रस्तुत लेखक या दोन भिन्न व्यक्ती नाहीत. मात्र त्यामुळे विवेचनाच्या वस्तुनिष्ठतेला बाधा येते, असे निदान लेखकाला तरी वाटत नाही.

फळ्यावरील मजकुराचे ऋतुवार्ता आणि प्रवासवार्ता असे दोन प्रकार संभवतात. ऋतुवार्ता म्हणजे त्या त्या हंगामात कोणता आजार दाराशी आला आहे, याची चार ओळींत दिलेली वर्दी. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत या रस्त्याने इंदापूरकडे जाते, तेव्हा फळ्यावर वारकऱ्यांच्या पायांच्या फोडांना प्राधान्य मिळते. पुढे पावसाने ओढ दिली की घरोघरी पिंपे आणि रांजण भरून ठेवले जातात आणि डेंगीचे दिवस येतात. अशा एका वर्षी फळ्यावर ठळक अक्षरांत ‘दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा’ असे लिहिण्यात आले. कोरडा दिवस म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सारी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवण्याचा दिवस. डासाच्या अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा जात असल्याने मध्येच त्याचा संसार मोडावा, हा त्यामागील हेतू. परंतु गावातील काही मंडळींनी या शब्दाचा दुसराच, त्यांच्या अधिक परिचयाचा अर्थ घेतला, शुक्रवारी संध्याकाळी ती कष्टी मनाने घरी बसली, आणि त्यांच्या घरच्या लक्ष्म्यांनी डॉक्टरीणबाईंना ‘मॅडम, फळा असाच राहू द्या’ म्हणून विनविले. पिंपे भरलेलीच राहिली.

ऊसतोडणीच्या हंगामातील प्रकार याहून बोधप्रद आहे. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याची चिमणी धुराला लागली की बीड आणि अहिल्यानगरकडील टोळ्या उसाच्या फडात उतरतात. या व्यवहारात ‘कोयता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: एक हत्यार, आणि दुसरा, ते हत्यार चालविणारे नवरा-बायकोचे जोडपे; मुकादम उचल देतो ती या दुसऱ्या अर्थाच्या कोयत्याला. ‘कोयता लागल्यास हळद अथवा चुना न भरता त्वरित येथे यावे’ अशी सूचना फळ्यावर झळकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंथुर्ण्याकडील एक बागायतदार दवाखान्यात येऊन ‘दोन कोयते लागतायत, सोमवारपासून’ असे सांगून नंबर लावून बसला. ‘लागणे’ या क्रियापदाने दुखापत आणि गरज हे दोन्ही अर्थ एकाच पिशवीत ठेवले आहेत, हा मराठीचा दोष की वैभव, यावर लेखकाने डॉक्टरांना पंधरा मिनिटे ऐकविले. बाहेर रुग्ण खोळंबले होते.

उन्हाळ्यात पाचटाखालचा, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याखालचा विंचू ही कायमची बातमी असते, आणि विंचवाचे नाव निघाले की महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तालुक्याच्या गावी बसून, पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत छोटे रुग्णालय चालवीत, त्यांनी विंचूदंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांची बारकाईने नोंद ठेवली. ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली त्यांचा लेख आला, प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध विंचूदंशावर वापरण्याचा त्यांचा उपचार पुढे रूढ झाला, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे डॉक्टर आपल्या जागी राहिले आणि त्यांचे टिपण साता समुद्रापार गेले. लासुर्ण्यात नेमके उलट घडते: डॉक्टर समुद्रापार जातात आणि टिपण फळ्यावर राहते. अर्थात डॉक्टरांनी विंचवाने दंश केलेल्या माणसाला आजवर नीट घरी पाठविले आहे, ते बावस्करांच्या त्याच टिपणाच्या आधारावर, हेही नमूद करावयास हवे.

आता प्रवासवार्ता. डॉक्टर दांपत्य, त्यांची दोन मुले आणि डॉक्टरांच्या मातोश्री अशी पाच माणसे दोन-तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात परदेशी जातात. पहिली वारी दुबईची झाली, दुसरी थायलंड-सिंगापूरची, आणि तिसरी, जिच्यामुळे हे विवेचन आवश्यक झाले, ती स्वित्झर्लंडची. वैद्याने परदेशी जाताना लोकांना कारण सांगून जावे, ही परंपरा मराठीत जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून अमेरिकेकडे निघाल्या, तत्पूर्वी फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी सभेपुढे उभे राहून, अमेरिकाच का आणि एकटीनेच का, या लोकांच्या शंकांना भाषणातून उत्तर दिले होते. फळ्याची ती आद्य आवृत्ती म्हणता येईल. त्या पदवी घेऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक ठरली होती, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात ज्या बायका त्यांची वाट पाहत असतील, त्यांच्यासाठी कुणी काय लिहून लावले, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

एवढी थोर परंपरा पाठीशी असल्यामुळे ‘डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत’ या चार शब्दांवर भागविणे फलकलेखकाला कमीपणाचे वाटले. शिवाय ‘स्वित्झर्लंड’ हा शब्द फळ्यावर लिहिण्याची संधी शिक्षकी पेशाच्या छत्तीस वर्षांत त्याला एकदाही आली नव्हती, कारण चौथीपर्यंतच्या भूगोलात महाराष्ट्राबाहेर फारसे जावे लागत नाही. हा शब्द खडूने लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि विषयांतराचा दोष पत्करून येथे थोडे थांबणे इष्ट ठरेल. आरंभीच ‘स्वि’ हे जोडाक्षर, त्याची वेलांटी अर्ध्या ‘स’च्याही अलीकडून उचलून ‘व’वर आणावी लागते. त्यानंतर ‘त्झ’, मूळचा एकही मराठी शब्द या जोडीने नांदताना दिसत नाही, त्यामुळे ‘त’ने ‘झ’चा हात धरला आहे की त्याला ढकलले आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःच ठरवावयाचे असते. खरी कसोटी त्यापुढील ‘ल’ची. या एका ‘ल’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार असे दोन पाहुणे एकाच वेळी येऊन बसतात. रफार म्हणजे पुढच्या अक्षरावर चढलेला अर्धा ‘र’. तो मोठा काढला तर टिंबाला जागा उरत नाही आणि टिंब आधी दिले तर रफाराचा आकडा त्याला गिळतो. शासनाने २००९ साली देवनागरीची प्रमाणीकृत वर्णमाला जाहीर केली, परंतु तिच्यातही खडूची जाडी लक्षात घेतलेली दिसत नाही. लेखकाने मराठी वळणाचा, पाकळीचा ‘ल’ मुद्दाम रुंद काढून ही अडचण सोडविली. त्यासाठी तीन वेळा पुसले, चौथ्यांदा जमले, आणि मग रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवरून तो ‘ल’ लांबून कसा दिसतो, हे दोनदा पाहून घेतले.

खडूविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिले तर अक्षर पांढरेशुभ्र उमटते आणि हाताने सहज पुसले जात नाही. साखर कारखान्यांच्या परिसरातील शिक्षकाला हे ज्ञान असणे स्वाभाविकच. स्वित्झर्लंड हा शब्द सर्वांत जाड लिहिला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचा मजकूर मोकळा राहून त्या एका शब्दावर काळ्या मुंग्यांची रांग लागली. लांबून पाहणाऱ्याला अक्षरे हलताहेत, असा भास होई.

संपूर्ण मजकूर अकरा ओळींचा होता. त्यात यूंगफ्राउयोख या रेल्वे स्थानकाची उंची ३,४५४ मीटर असून ती आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून अधिक भरते, ही तुलना होती. तेथवर डोंगर पोखरून नेलेली रेल्वे १९१२ साली पूर्ण झाली, हा तपशील होता. आणि लासुर्ण्यात संध्याकाळी सात वाजता दवाखाना भरलेला असतो तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीनच वाजलेले असतात, असा खुलासाही होता. डॉक्टरांनी यांतील काहीही सांगितले नव्हते. ते निघण्याच्या गडबडीत ‘गुरुजी, तेवढं फळ्यावर टाका’ एवढेच म्हणाले होते. लेखकाने स्वतः एकसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढून ठेवला आहे आणि त्याची सर्व पाने कोरी आहेत, ही माहिती येथे अस्थानी वाटेल, पण अकरा ओळींचे मूळ बहुधा त्या पानांत असावे.

फळा पूर्ण झाल्यावर दाराच्या कडीला अडकविलेला औषधाच्या खोक्याचा एक फाटका पुठ्ठा लेखकाच्या दृष्टीस पडला. तो कंपाउंडरने निळ्या पेनाने लिहिला होता: ‘डाक्टर २६ तारकेला येनार. बीपीची गोळी माज्याकडं.’ दोन वाक्यांत चार चुका. शेजारी असा पुठ्ठा असणे फळ्याच्या शोभेला बाध आणणारे वाटल्याने तो काढून शबनम पिशवीत ठेवण्यात आला.

आठवड्याने बेलवाडीकडील एक आजी वडापने आल्या. वडाप म्हणजे माणसे कोंबून भरेपर्यंत जागची न हलणारी जीप. डोक्यावर पदर, हातात गोळ्यांचे रिकामे पाकीट. फळ्यापुढे बराच वेळ उभ्या राहून, तेथे मुंग्या पाहत असलेल्या लेखकाला त्या म्हणाल्या, ‘गुर्जी, येवढं काय लिव्हलंय वो? कुनी गेलं का काय?’ लेखकाने समजूत घालून अकराच्या अकरा ओळी सावकाश, योग्य जागी थांबत वाचून दाखविल्या. आजींनी कळसूबाईपर्यंत शांतपणे ऐकले. मग विचारले, ‘ते बरं झालं. पन डाक्टर येनार कवा?’

लेखकाने फळ्याकडे पाहिले. वरपासून खालपर्यंत पाहिले. तारीख कुठेच नव्हती.

या ठिकाणी विनोदाचा धागा क्षणभर सोडावा लागतो. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासकीय निकष आहे. त्या निकषात आजी एक या आकड्याने मोजल्या जातात आणि ते योग्यही आहे, कारण निकषाला नाडी धरता येत नाही. परंतु महिन्याच्या महिन्याला दंडाला पट्टा गुंडाळताना ‘आजी, जेवलात का? सून बरी आहे ना?’ असे विचारणारे माणूस त्यांना त्या परिसरात एकच होते, आणि ते अठरा दिवस नव्हते. गावात यावरून पारावर बरेच बोलले गेले. ज्यांची पन्नास-पन्नास रुपयांची उधारी वहीत गेल्या दिवाळीपासून होती, त्यांनी विमानाच्या तिकिटाचा हिशेब मांडला, ‘आपल्याच पैशावर’ हे शब्द उच्चारले गेले, आणि फलकलेखकाने त्यांना विरोध केला नाही. वर्षातील उरलेल्या दिवसांत रात्री दोन वाजता त्याच दाराची कडी वाजविणारे हात याच मंडळींचे असतात, हे त्याला माहीत असूनही केला नाही. आजींनी मात्र पैशाचा विषय काढला नाही. त्यांना तारीख हवी होती, एवढेच.

ती शबनम पिशवीत होती. पुठ्ठा बाहेर काढताना तो चुरगळलेला निघाला. लेखकाने तो मांडीवर ठेवून सपाट केला, आजींना वाचून दाखविला आणि कडीला पुन्हा अडकविला. लाल पेन खिशात होते, पण ‘तारकेला’ आणि ‘येनार’ तसेच ठेवले. आजी शेजारच्या औषधाच्या दुकानात बसलेल्या कंपाउंडरकडून गोळी घेऊन, ‘सव्वीस, सव्वीस’ असे पुटपुटत परतीच्या जीपमध्ये जाऊन बसल्या, आणि जीप आणखी पाऊण तास तेथेच उभी होती.

डॉक्टर सव्वीसला सकाळी आले. त्यांनी आणलेली चॉकलेटे रुग्णांना वाटली आणि मधुमेह्यांना दाखविली. बर्फातला कुटुंबाचा फोटो आता वजनकाट्याच्या वर आहे. फळ्यावरील ‘स्वित्झर्लंड’ साखरेमुळे अजून पुरते निघालेले नाही. ओल्या फडक्याने पुसले तरी ‘ल’ तेवढा पुसट दिसतो. त्यावर सध्या असे लिहिले आहे: दवाखाना सोमवारी चालू. येताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत आणावे.