सप्टेंबर ११,१३२

रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका रोलिंग मिलच्या फाटकाशी धर्मकाटा आहे आणि काट्याच्या खोलीत भाऊ आहेत. खोलीत दोन पडदे. एकावर वजनाचा प्रोग्राम: भरी गाडी, खाली गाडी, निव्वळ माल. दुसऱ्यावर काळ्या पाटीवर राखाडी अक्षरं आणि अक्षरांच्या डाव्या अंगाला वंशावळीत काढतात तसल्या रेघा. नव्या ड्रायव्हरला वाटतं, कंपनीचा खरा हिशोब या दुसऱ्या पडद्यावरच असणार, कारण साहेबांची नजर तिथून हलत नाही. "कतका बेरा लागही साहेब?" तो खिडकीतून विचारतो. भाऊ स्पेसबार दाबतात, एक पान वाचतात, पुन्हा स्पेसबार दाबतात, आणि मग तीस टन बिलेटकडे वळतात.

भाऊ यूजनेट वाचत असतात. वेब जन्मायच्या आधीपासून चालत आलेल्या चर्चांचं हे जाळं. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन पोरांना १९७९ साली ते सुचलं आणि पुढल्या वर्षी चालू झालं. त्याला मालक नाही, मुख्यालय नाही. एका सर्व्हरनं आपल्याकडचे लेख शेजारच्याला द्यायचे, शेजारच्यानं पलीकडच्याला. विषयागणिक ग्रुप: संगणकाचे वेगळे, विज्ञानाचे वेगळे, आणि मराठी माणसांना एकमेकांशी भांडायला 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी'. हे सगळं भाऊ 'एसएलआरएन' नावाच्या प्रोग्राममधून वाचतात. त्यात चित्र नाही, बटण नाही, माउसला काम नाही. माउस त्यांनी पावत्या उडू नयेत म्हणून ठेवलाय.

भाऊ मूळचे रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. शिकायला मुंबईत होते तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. चित्रं दाखवणारं खातं श्रीमंतांचं. विद्यार्थ्याच्या वाट्याला यायचं ते नुसत्या अक्षरांचं 'शेल' खातं. मोडेम किंचाळायचा, आठव्या प्रयत्नाला फोन लागायचा, आणि मग काळ्या पडद्यावर अमेरिकेतली मराठी मंडळी दिसायची. तिथे भाऊंचा पहिला वाद झाला तो साबुदाण्याच्या खिचडीत हळद घालावी का, यावर. समोर न्यू जर्सीचे एक गृहस्थ. चौथ्या दिवशी वाद पेशव्यांवर गेला, सहाव्या दिवशी पानिपतावर. माइक गॉडविन नावाच्या वकिलानं १९९० साली नियमच मांडून ठेवलाय की यूजनेटवरचा वाद लांबत गेला की कुणीतरी कुणाला हिटलर म्हणणारच. भाऊंच्या मते मराठी वादात हिटलरची पाळी येत नाही, त्याआधी सदाशिवरावभाऊ येतात.

आता कुणाला वाटेल, हे जुन्याला चिकटून बसलेले गृहस्थ असणार. तसं मुळीच नाही. भाऊ चहावाल्याला मोबाइलवरून पैसे देतात. घरावर सौर पट्ट्या आहेत, आणि उरल्या-सिलतऱ्याची काजळी त्यांच्यावर साचते म्हणून दर रविवारी त्या स्वतः पुसतात. चिकटले आहेत ते एकाच गोष्टीला, शिस्तीला. उत्तर द्यायचं तर ज्याला उत्तर देतोय त्याचं नेमकं वाक्य वर घ्यावं, त्याच्यापुढे > अशी खूण करावी, बाकीचं कापावं आणि आपलं म्हणणं खाली लिहावं. ओळ बहात्तर अक्षरांच्या आत मोडावी. शेवटी दोन आडव्या रेघा, एक मोकळी जागा, आणि त्याखाली सही, ती चार ओळींपेक्षा मोठी नसावी. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काही पाळलं जात नाही हे त्यांचं खरं दुःख. तिथे कुणी 'हो' असं लिहिलं की भाऊ विचारतात, "कशाला हो? मूळ वाक्य घ्या." सकाळच्या गुलाबांना ते उत्तर देत नाहीत, 'ग्रुपच्या विषयाशी संबंध नाही' एवढंच कळवतात.

पुतणीच्या लग्नात पत्रिकेचा मजकूर बघायचं काम चुकून त्यांच्याकडे गेलं. 'आपले नम्र' याच्याखाली काका, माम्या, आत्या, चिमुकले आणि समस्त परिवार मिळून सतरा ओळी होत्या. भाऊंनी चार ठेवल्या. वर दोन आडव्या रेघा टाकल्या. प्रेसवाल्यानं त्या रेघांना नक्षी समजून फुलं जोडली, तेव्हा भाऊ बिलासपूर रोडवरून परत प्रेसवर गेले. दुर्गच्या आत्याबाई लग्नाला आल्या, पण जेवल्या नाहीत.

एसएलआरएनमध्ये माणसांना गुण देता येतात. ज्याचं लिखाण आवडतं त्याला अधिक, ज्याचं नाही त्याला उणे. उणे ९,९९९ दिले की तो माणूस पडद्यावर दिसतच नाही. खाली पेटीत पडल्याचा आवाज म्हणून यूजनेटवाले याला 'प्लॉंक' म्हणतात. न्यू जर्सीकरांना भाऊंनी केव्हाच प्लॉंक केलं. अलीकडे मात्र त्यांच्या नावाची ओळ गुणांच्या फाइलमधून अधूनमधून काढतात, ग्रुप बघतात, गृहस्थांनी काही लिहिलेलं नसतं, मग ओळ पुन्हा घालतात. मी म्हटलं, "आता कशाला घालता? ते तर लिहीतच नाहीत." भाऊ म्हणाले, "लिहिलं तर?"

संसारातही ही गुणपद्धत आहे. व्याही उणे ९,९९९ वर आहेत. ते बोलायला लागले की भाऊंचा चेहरा खरोखरच मोकळ्या पडद्यासारखा होतो. वहिनींचे गुण चांगले आहेत, पण बटाट्यांच्या दिवशी ते घसरले. यूजनेटवर सुरुवातीच्या काळी देवनागरी नव्हती, मराठी रोमन लिपीत लिहावं लागे, आणि अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स'ची पद्धत होती: मोठा टी म्हणजे ट, लहान टी म्हणजे त. वहिनींनी सामानाची यादी लहान टीनं पाठवली. भाऊ संध्याकाळी बाकी सगळं घेऊन आले आणि म्हणाले, "बताते मिळाले नाहीत."

यूजनेटवाल्यांची कालगणना वेगळी आहे. पूर्वी दर सप्टेंबरला अमेरिकन कॉलेजांत नवी पोरं यायची आणि ग्रुपवर धुडगूस घालायची. जुनी मंडळी त्यांना रीत शिकवायची: आधी काही दिवस गुपचूप वाचा, मग तोंड उघडा. महिन्या-दीड महिन्यात पोरं वळणावर यायची. पण १९९३ च्या सुमारास एओएल कंपनीनं आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दार उघडून दिलं, नवखे रोजच यायला लागले, आणि तो सप्टेंबर काही संपला नाही. तेव्हापासून कट्टर मंडळी १९९३ चाच सप्टेंबर पुढे मोजतात. भाऊ कट्टर आहेत. एकदा स्टोअरच्या रजिस्टरात त्यांच्या हातून '११,१३२ सप्टेंबर १९९३' अशी तारीख पडली. मुनीमजींनी चष्मा पुसला, कॅलेंडर पाहिलं, आणि हा जीएसटीचा काही नवा प्रकार असेल म्हणून वकिलाला फोन लावला.

पण त्या दिवशी भाऊंचं भान सुटलं होतं ते आनंदानं. तारीख होती २२ फेब्रुवारी २०२४. गूगलनं २००१ मध्ये यूजनेटचा जुना साठा विकत घेऊन आपलं दार उघडलं होतं, आणि शेवटी शेवटी त्या दारातून भलत्याच जाहिरातींचे लोंढे येत होते. त्या दिवशी गूगलनं ते दार बंद केलं. नव्या लेखांची ये-जा थांबली, जुना साठा तेवढा वाचायला राहिला. जगात कुणाला पत्ता लागला नाही. उरल्यात काट्यावर पेढे वाटले गेले. रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांना एकेक, हमालांना दोन. "लइका होइस का साहेब?" कुणीतरी विचारलं. भाऊ म्हणाले, "गूगल गया!" लोकांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला, कारण कुणीतरी गेलं एवढं त्यांना कळलं होतं.

लोंढा ओसरल्यावर ग्रुपवर जी शांतता पसरली, तिला भाऊ 'दर्जा' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात मराठीच्या ग्रुपवर अचानक एक लेख आला. कुणा मुलीनं फुकटच्या सर्व्हरवर खातं उघडून लिहिलं होतं: नमस्कार, इथे कुणी आहे का? भाऊंनी लगेच उत्तर लिहिलं. वजनाला सात गाड्या खोळंबल्या. तिचं वाक्य वर घेतलं, खूण केली, आणि खाली कळवलं की विषयाची ओळ मोघम आहे, सही बारा ओळींची आहे, आणि नवख्यानं आधी ग्रुप नीट वाचावा, मग लिहावं. खाली आपली सही, चार ओळी.

त्यानंतर ग्रुपवर काही आलेलं नाही. मी परवा काट्यावर गेलो तेव्हा ते तोच लेख उघडून बसले होते. म्हटलं, "भाऊ, पोरगी पळाली तुमची."

"पळते कशाला?" स्पेसबारवरचं बोट न उचलता ते म्हणाले. "समजदार आहे. वाचून राहिली असेल."