टाचण समाधानकारक

रविवारी रात्री नऊला राजूरच्या इतिहासाच्या सरांचा पुढचा आठवडा शिकवून झालेला असतो. सहावी ते दहावी, तासिकेप्रमाणे. उद्दिष्टं साध्य, अध्ययन निष्पत्ती निष्पन्न, फळ्यावर काय लिहिलं तेही लिहून तयार. आता फक्त वर्ग भरायचा राहिलाय, पण ती किरकोळ बाब. साहेब भेटीला आले की टाचण वही मागतात. पोरांना काय येतं हे बघायला वेळ लागतो, वहीवर शेरा मारायला लागत नाही.

(हे सर म्हणजे कुणी एक नव्हेत. भोकरदन तालुक्यातलं कुठलंही हायस्कूल घ्या, एखादे सापडतीलच. उगाच कुणी अंगावर ओढून घेऊ नये.)

पूर्वी टाचण गेल्या वर्षीच्या वहीतून उतरायचं, तारीख तेवढी बदलायची. आता ग्रुपवर पीडीएफ येते. पीडीएफ करणारे गुरुजी कोल्हापूरकडचे असावेत, कारण ‘परिसरातील ऐतिहासिक स्थळ’ या रकान्यात पन्हाळा आहे. राजूरच्या पोरांनी परिसरातला पन्हाळा निमूट लिहून घेतला. मुख्याध्यापकांनी खाली ‘पाहिले’ म्हणून सही ठोकली. कुठून पाहिलं, हे विचारायची पद्धत नाही.

खरा परिसर म्हणाल तर भोकरदनच्या बाजूला असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेला भिडला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला लोळवलं. पण तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी कुणी विचारलं तेव्हा त्यानं नाव घेतलं ते असईचं, असं सांगतात. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, साहेब, इथं उतार नाही. साहेबानं नीट बघितलं तर नदीच्या दोन काठांना दोन गावं, अगदी समोरासमोर. त्यानं ताडलं, गावं इतकी जवळ आहेत म्हणजे येणंजाणं असणार, आणि येणंजाणं आहे म्हणजे उतार असणारच. होता.

हेच राजूरच्या आठवीतल्या पोराला विचारून बघा. दोन गावं, मधे नदी. या गावची लेक त्या गावात दिलेली असणार, बाजार एकाच गावात भरत असणार, कुणाची तरी म्हैस रोज पलीकडे चरायला जात असणार. वाटाड्यांवर विश्वास न ठेवता ते पोरगं वेलस्लीच्या आधी पलीकडे पोचेल. पण हे शहाणपण टाचणाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? ‘विद्यार्थी तर्क करतो’ असं एक वाक्य आहे खरं. त्याच्यासमोर शैक्षणिक साहित्य म्हणून ‘खडू, फळा, नकाशा’ लिहिलंय. क्षेत्रभेट काढायची तर एसटीला पत्र, पालकांची संमतीपत्रं, वरून परवानगी. त्यापेक्षा पन्हाळा बरा. तिथं कुणाला जावंच लागत नाही.

दहावीच्या पुस्तकात ‘पर्यटन आणि इतिहास’ हा पाठ आहे. परवा तो नेमका मंगळवारच्या टाचणात आला, आणि मंगळवारी अंगारकी. राजूरच्या गणपतीला आदल्या रात्रीपासून जालन्याहून पायी येणाऱ्यांची रीघ. वर्गात टाळकी सहा. बाकीची दहावी बाहेर पसरलेली: कुणी नारळाच्या दुकानात मामाच्या हाताशी, कुणी रसवंतीवर, दोघं मोटारसायकली लावायच्या मैदानात पावत्या फाडत. पर्यटनातून स्थानिकांना रोजगार मिळतो, हा मुद्दा आतले सहा जण वहीत उतरवत होते आणि गैरहजर मंडळी संध्याकाळी त्याची चिल्लर मोजत होती. सरांनी हजेरीत गैरहजेऱ्या मांडल्या आणि टाचणाखाली लिहिलं, ‘उद्दिष्ट साध्य’. वर्षात पहिल्यांदाच ते खरं होतं.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं त्याहून सोपं. १७ सप्टेंबरला झेंडावंदन, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार. हैदराबादचा लढा मात्र आठवीच्या पुस्तकात शेवटून दुसऱ्या पाठात. म्हणजे सलामी सप्टेंबरात, कारण फेब्रुवारीत, तेही पोर्शन उरकायच्या घाईत. भारतीय फौजेला १९४८ साली पाच दिवस लागले होते, सरांचा निजाम पंधरा मिनिटांत शरण येतो.

राज्यशास्त्राला तर शिक्षकच सापडत नाही, आणि त्यात सरांचा काडीचा दोष नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये; अपवाद जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्यामुळे ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ टाचणात येतो तेव्हा सर निवडणूक प्रक्रियेत असतात, वर्गाची बाकं व्हरांड्यात असतात आणि ज्यांनी तो पाठ शिकायचा ती पोरं सुट्टीवर असतात.

सहावीचं पुस्तक शिकवतं, जिल्हा परिषदेचे सदस्य जनता निवडते, मुदत पाच वर्षं. जालना जिल्हा परिषदेची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं आणि पुढची तीन वर्षं उलटली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. सहावीत सदस्याची कर्तव्यं घोकलेली पोरं नववीत गेली, खुर्चीतला सदस्य काही दिसला नाही. पीडीएफमध्ये मात्र कृती छापलेली: ‘आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याची मुलाखत घ्या.’

एका पोरीनं खरंच घेतली, माजी सदस्याची. प्रश्न पहिला: आपण सध्या काय काम करता? उत्तर: पुढच्या निवडनुकीची तयारी.

सरांनी दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.