मागेल त्याला फोटो

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. बोअरला पाणी लागतं, पण असं खारं की पिकाला चालत नाही आणि माणसालाही सोसत नाही. त्यामुळे पावसाचं पाणी अडवण्याची कल्पना इथे शंभर टक्के बरोबर. गडबड होते ती कल्पनेचा जीआर निघाल्यावर.

2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ आलं, कमाल अनुदान 50 हजार. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल तळं म्हणजे जवळपास 9 गुंठे काळी कसदार जमीन गेली. जेसीबीचं भाडं आधी आपण द्यायचं, अनुदान मागाहून. जेसीबीवाला कुठे जीआर वाचतो?

आता अर्ज महाडीबीटीवर. सातबारा, आठ-अ, आधार, आणि आधारला जोडलेलं खातं. मोबाइल नंबर बदलला असला की ओटीपी भलत्याच गड्याकडे जातो. मग फोटो : खोदण्याआधीचा, खोदल्यानंतरचा, अक्षांश-रेखांशासकट, बाजूला शेतकरी उभा.

“भाऊ, जरासे हासा न.”

“पानी आलं का हासतो नं साहेब!”

पाण्याचा फोटो मात्र कोणी मागत नाही.

तिकडे जलयुक्त शिवारने 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचं ठरवलं होतं. 2020 मध्ये कॅगने लिहिलं की, भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. मग ‘जलयुक्त शिवार 2.0’ आलं. पहिलं पूर्ण डाउनलोड झालं होतं का, हे विचारू नये.