एअर घेतलीय!

विश्रांतवाडीत आमच्या गल्लीला घंटागाडीच्या आधी अण्णांची टाटा २०७ जाग आणते. स्टार्टर तीनदा घरघरतो, गाडी गप्प. मग अण्णा खाली उतरून जाहीर करतात, "एअर घेतलीय!" आवाजात तक्रार नसते. शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद असतो.

बॉनेट उघडतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून अण्णा हातपंप मारत बसतात. आधी फेसाळ डिझेल येतं. बुडबुडे संपून अखंड धार लागली, की स्क्रू आवळायचा. काम दहा मिनिटांचं. अण्णांना दुपार होते, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला शहाणं करायचं असतं. "डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो हो! हवा दाबून दाबून तापवायची, वर डिझेलचा फवारा. पण हीच हवा पाइपात शिरली तर फवारा उडेल कसा?" आमच्या दूधवाल्याला हे तोंडपाठ आहे.

धुराचं निदान फुकट. काळा असेल तर एअर फिल्टर चोक, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. गॅरेजचं नाव काढलं की अण्णा दुखावतात. "१९८८ची टाटामोबाइल, तिच्या घराण्यातली ही. पिंपरीची पोर. परक्याच्या हाती द्यायची?"

बुधवारी आणि रविवारी ते जुन्या बाजारात जातात. तिथून आणलेल्या पार्टांनी माळा भरलाय. त्यांतला एकही या गाडीला बसत नाही. वाचलेल्या मजुरीचा हिशेब अण्णा वहीत लिहितात. बुडालेल्या भाड्यांची वही वहिनींकडे असते. ती जाड आहे.

परवा वहिनींच्या भाच्यानं टाकीकडून येणारी रबरी नळी चाचपली. बारीक चीर होती. पंप तिथून डिझेल ओढतो, त्यामुळे थेंबही गळत नाही, हवा तेवढी आत शिरते. नळी बदलली. आता गाडी एका चावीत सुरू होते, भाडी मिळतात, वहिनी खूश आहेत.

अण्णांना मात्र करमेना. चार दिवस त्यांनी भाच्याचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी पाना घेऊन ते शेजारच्या इनोव्हापाशी उभे राहिले. "आवाज बरा नाही हिचा. उघडता का जरा?"

तेव्हापासून गल्लीतले सगळे डिझेलवाले गाड्या आळंदी रस्त्यावर लावतात.