मीटरापुढचे वीस फूट

चंद्रपूरहून निघून भिवंडी तालुक्यातील पडघे येथे पोहोचणारी अतिउच्च दाबाची वीजवाहिनी सुमारे ७५० किलोमीटरचे अंतर ५०० किलोव्होल्ट दाबाने पार करते आणि या प्रवासात तिच्या प्रत्येक मनोऱ्याला क्रमांक, प्रत्येक उपकेंद्राला अभियंता आणि प्रत्येक बिघाडाला अहवाल असतो. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील सदनिकांचा अभ्यास केल्यास मात्र असे आढळते की मीटरपासून न्हाणीघरातील गीझरपर्यंतच्या शेवटच्या वीस फुटांना यांपैकी काहीही लाभलेले नाही. तेथे मनोऱ्याचे काम खिळा करतो, अभियंत्याचे काम ‘ओळखीतला एक मुलगा’ करतो आणि अहवालाची जागा ‘आता चालतंय ना, मग राहू दे’ या वचनाने घेतलेली असते. वीस वर्षांत कोणीही न पाहिलेली वायर ज्या क्षणी सर्व कुटुंबाला एकत्र उभे राहून पाहावी लागते, त्या क्षणास घरगुती विद्युत आणीबाणी म्हणावे, अशी व्याख्या या विवेचनापुरती पुरेशी आहे.

या आणीबाणीच्या निदानाची पहिली पद्धत स्थानिक नागरिकांनी स्वतःच विकसित केली असून तिला कोणतेही उपकरण लागत नाही. लाईट गेली की गॅलरीत जाऊन समोरची इमारत पाहायची, एवढीच ती पद्धत होय. समोरही लाईट नसेल तर बिघाड सार्वजनिक ठरतो आणि मनास शांती लाभते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई आणि ठाणे परिसराचा वीजपुरवठा सकाळीच खंडित झाला, तेव्हा ही शांती महानगरव्यापी झाली होती. समोर दिवे लखलखत असतील आणि आपल्याच घरात अंधार असेल, तर मात्र बिघाडापेक्षा अपमानाची जाणीव तीव्र असते. तिसऱ्या प्रकारात दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच व्यवस्थित चालू असतात, परंतु स्विचबोर्डातून जळका वास येतो. तिन्हींपैकी जिवावर बेतणारा प्रकार हाच. तथापि मालिका चालू असताना यास आणीबाणी मानण्याची प्रथा नसल्याने आधी स्वयंपाकघरातील दूध आणि नंतर शेजाऱ्यांचा स्वयंपाक यांच्यावर संशय घेतला जातो.

निदानानंतर प्रश्न येतो अधिकारक्षेत्राचा. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले, तरी वीज अजूनही ‘एमएसईबीवाल्यांनीच घालवली’ असे मानले जाते. त्यातच मुंब्रा, शीळ व कळवा या भागांत मार्च २०२० पासून आणि भिवंडीत २००७ पासून टोरेंट पॉवर ही कंपनी फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्या वतीने वितरण व वसुली सांभाळणारी संस्था, म्हणून काम पाहते. त्यामुळे ठाणे महापालिकेच्या एकाच हद्दीत खाडीच्या एका तीराला एकाचे आणि दुसऱ्या तीराला दुसऱ्याचे नाव घेऊन बोटे मोडावी लागतात. महावितरणचा १९१२ हा तक्रार क्रमांक चार अंकी आणि सोपा आहे. परंतु तेथे सांगावयाचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो, तो बिलावर असतो, बिल कपाटात असते आणि कपाट अंधारात असते.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके ठरवून दिलेली असून ती न पाळणाऱ्या वितरण कंपनीस ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. या कलमाची व्याप्ती मीटरपाशी संपते. मीटरपुढील जगात ग्राहक हाच वितरण कंपनी, तोच अभियंता आणि तोच नियामक आयोग असतो. तो स्वतःकडेच तक्रार करतो, स्वतःच ती वर्षानुवर्षे प्रलंबित ठेवतो आणि स्वतःस कधीही भरपाई देत नाही.

ही प्रलंबित तक्रार रात्री साडेदहा वाजता तातडीची झाली, की इलेक्ट्रिशियनचा शोध सुरू होतो आणि त्याचे तीन मार्ग रूढ आहेत. पहिला मार्ग जिन्याखालील मीटररूममधील स्टिकरचा. त्यावर ‘२४ तास सेवा’ ही अक्षरे ठळक असतात, मात्र दूरध्वनीचे शेवटचे दोन अंक ढेकूण-झुरळ नियंत्रणवाल्याच्या स्टिकरखाली गेलेले असतात. दुसरा मार्ग सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाचा. तेथे ‘अर्जंट इलेक्ट्रिशियन आहे का कुणाकडे?’ असे विचारताच दोघे जण आपल्याकडे लाईट असल्याचे आनंदाने कळवतात, एक जण शुभरात्रीचे गुलाबपुष्प पाठवतो, एक जण संधी साधून सचिवांकडे रंगकामाचा हिशेब मागतो आणि अखेर जो क्रमांक हाती येतो तो प्लंबरचा निघतो. तिसरा मार्ग महाजालाचा. तेथील जाहिरातींत एकच सेवाकेंद्र ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत आणि बहुधा लक्झेंबर्गमध्येही तीस मिनिटांत हजर होण्याची प्रतिज्ञा करते. घोडबंदर रस्ता किंवा शीळफाटा एकदा तरी पाहिलेली व्यक्ती अशी प्रतिज्ञा लिहू धजणार नाही, यावरून जाहिरात लिहिणारा या जिल्ह्यातील नसावा, एवढे अनुमान निश्चित काढता येते. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ साली पाडल्यानंतर नवा खुला होण्यास २०२१ चा जानेवारी उजाडला आणि डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ पासून २०२१ पर्यंत बंद होता; त्या काळात पूर्वेचा कारागीर आणि पश्चिमेचा उडालेला फ्यूज यांची भेट घडवून आणणे हा पंचांग पाहून ठरवण्याचा विषय होता.

इलेक्ट्रिशियन अखेर येतो, तेव्हा तो प्रथम ‘व्हिजिट चार्ज’ सांगतो. बोर्ड उघडून ‘हे कोणी केलंय?’ असे विचारण्याचे शुल्क, असा या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ आहे. हा प्रश्न परंपरागत असून प्रत्येक कारागीर तो आधीच्या कारागिराविषयी विचारतो, क्वचित आधीचा कारागीर तोच असला तरीही विचारतो. ग्राहकाने मात्र विचारावयाचा एकमेव प्रश्न, म्हणजे ‘परवाना आहे का?’, कधीही विचारला जात नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ प्रमाणे विद्युत मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडूनच करणे बंधनकारक होते, आणि पुढील काळातील केंद्रीय विनियमांनीही हे तत्त्व कायम ठेवले. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलता बदलणे, एवढाच त्यास अपवाद होता. नागरिकांनी या अपवादाचा अर्थ इतक्या उदार मनाने लावला आहे की संपूर्ण सदनिकेची वायरिंग आता त्यात सामावते. भाडेकरूचा आहार, विवाह आणि आडनाव यांची कसून चौकशी करणारी सोसायटी तारतंत्रीची, म्हणजे वायरिंगचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या कामगाराची, कागदपत्रे मागण्यास मात्र संकोचते.

या संकोचाचे परिणाम साध्या अंकगणिताने दाखवता येतात. सहा ॲम्पिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त १३८० वॅटचा भार घेता येतो. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ ॲम्पिअर खेचतो. ही वजाबाकी मान्य नसलेल्या घरांत गीझर एक्स्टेन्शन बोर्डावर लावला जातो आणि इतर उपकरणांचा भार मिळून एमसीबी, म्हणजे भार वाढताच प्रवाह तोडणारा स्वयंचलित स्विच, वारंवार पडू लागला की सोळा ॲम्पिअरच्या जागी बत्तीसचा बसवला जातो. वायर तीच राहते; फरक इतकाच की पूर्वी आधी एमसीबी पडत असे आणि आता आधी वायर जळते. तापमापीत ताप दिसतो म्हणून मोठ्या आकड्यांची तापमापी आणावी, तसा हा उपचार आहे.

शिवाय एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते; फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे तो कोणाच्या तरी शरीरातून वा भिंतीतून जमिनीकडे वळला, तर घरगुती आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरच्या फरकावर क्षणार्धात पुरवठा तोडते. सोळा ॲम्पिअर म्हणजे सोळा हजार मिलिॲम्पिअर. अर्थात जो प्रवाह एमसीबीला पूर्णपणे सभ्य वाटतो, तो या मर्यादेच्या पाचशेपट असू शकतो. हे उपकरण काही हजार रुपयांत मिळते. परंतु ते पाहुण्यांना दिसत नसल्याने तेवढे पैसे फॉल्स सीलिंगमधील निळ्या दिव्यांवर खर्च करण्याकडे कल दिसतो. दुष्ट प्रवाहास जमिनीत सुरक्षित वाट देणाऱ्या अर्थिंगचीही हीच कथा असून, तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून किंवा सॉकेटच्या वरच्या भोकात काडी खोचून दोनच पिना बसवण्याचे कौशल्य येथे पिढीजात मानले जाते. जुन्या इमारतीतील सामाईक न्यूट्रल वायर सैल होऊन तुटली की २३० व्होल्टच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, आणि मग फ्रीज, टीव्ही व संगणक यांचे निधन एकाच दिवशी होते. जेथे या वायरचे जोड तपासावयाचे त्या मीटररूममध्ये तेव्हा मोडक्या सायकली, गणपतीचे मखर आणि माजी अध्यक्षांच्या काळातील लाकडी बाक रचलेले असल्याने दारच उघडत नाही.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की रात्री साडेदहाची आणीबाणी रात्री साडेदहाला उद्भवत नाही. ती घरमालकाने सवडीने, हप्त्याहप्त्याने आणि काटकसर समजून उभारलेली असते, आणि इलेक्ट्रिशियन फक्त शेवटचा हप्ता वसूल करण्यास येतो. म्हणून वाचकांनी हे वृत्तपत्र खाली ठेवून पुढील गोष्टी दिवसाउजेडी कराव्यात. घरातील मेन स्विच कोठे आहे हे मुलांसह सर्वांस दाखवावे, कारण जळका वास आला किंवा कोणाला शॉक लागला तर प्रथम तो बंद करावयाचा असतो आणि पुरवठा तुटेपर्यंत शॉक लागलेल्या माणसाला हात लावावयाचा नसतो. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये; अग्निशमन दलाचा १०१ आणि महावितरणचा १९१२ हे क्रमांक ग्राहक क्रमांकासह मेन स्विचच्या झाकणावर लिहून ठेवावेत. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला लाईट असतानाच बोलवून अर्थिंग तपासून घ्यावे, आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावी आणि असेल तर तिच्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण दर महिन्याला दाबावे. ते दाबल्यावर घरातील वीज जाते; तशी गेली, तरच ती आरसीसीबी शाबूत आहे असे समजावे.