फ्रीव्हील नसलेला माणूस

साठ-पासष्ट हजारांची सायकल घेतल्यावर तिच्यात काय काय आहे हे माणूस चारचौघांत सांगत सुटतो. आमच्या सोसायटीतला फिक्सीवाला तिच्यात काय काय नाही ते सांगतो. गिअर नाहीत. मागचा ब्रेक नाही. कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. एवढं सांगून झालं की तो जरा थांबतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "आणि फ्रीव्हीलसुद्धा नाही."

इथं समोरच्यानं दचकायचं असतं. पण समोरचा दचकत नाही, कारण आयुष्यभर ज्यावर बसून फुकट उतार खाल्ले त्या वस्तूचं नाव त्याच्या गावी नसतं. मग त्याला समजावून सांगावं लागतं. साध्या सायकलवर पायडल मारणं थांबवलं तरी मागचं चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. उतारावर जी बारीक कटकट ऐकू येते ती त्याच्याच आतल्या खिट्ट्यांची. फिक्सीत हा प्रकारच नाही. मागचं दातेरी चक्र थेट हबवर आवळलेलं. ते सुटू नये म्हणून त्यावर उलट्या आट्यांची आणखी एक रिंग. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय. उतार असो, स्पीडब्रेकर असो, नाकावर माशी बसलेली असो. पाय थांबवायचे असतील तर आधी सायकल थांबवावी लागते.

"म्हणजे उतारावरही पायडल मारायचं?" समोरचा विचारतो.

"मारावंच लागतं!" फिक्सीवाला म्हणतो, आणि लॉटरी लागल्यासारखा हसतो.

नवी सायकल घेऊन तो पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे हवा भरायला गेला तेव्हा मी तिथंच होतो. चाचांनी सवयीनं मागचं चाक उचललं, पायडलला उलटा झटका दिला आणि चाक उलटं फिरताना बघून हळहळले. "साहेब, फ्रीव्हील जाम झालंय."

"जाम नाही चाचा, फिक्स आहे."

"तेच म्हणतोय मी, फिक्स झालंय. ठेवून जा, रॉकेल मारून बघतो. नाहीच सुटलं तर संध्याकाळपर्यंत नवीन टाकून देतो."

त्यानं बरंच समजावलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी फक्त एवढंच विचारलं, "कंपनी बदलून देत नाही का?"

फिक्सीवाला रोज कोथरूडहून बाणेरला कचेरीत जातो. पौड रस्त्यानं चांदणी चौकाचा चढ चढून, बावधन-पाषाणवरून. पुढं ४६ दात्यांचं चक्र, मागं १६ दात्यांचं, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सहा मीटर पुढं जाते. चढावर यामुळे मांड्या भरून येतात, पण चढाबद्दल तो कधी तक्रार करत नाही. अवघड असतो तो परतीचा उतार. ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाला त्याचे पाय मिनिटाला सव्वाशे वेळा फिरत असतात आणि ते थांबवणं त्याच्या हातात नसतं, पायात तर नाहीच. संध्याकाळी चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरणारा हा गृहस्थ मी पाहिलेला आहे. कमरेवर ध्यानस्थ मुनी आणि कमरेखाली दिवाळीतल्या ऑर्डरी उरकणारं शिलाई मशीन.

आणखी एक दर्शन वाटेतल्या सिग्नलला घडतं. सिग्नलला पाय टेकवणं फिक्सीवाल्यांच्या जगात कमीपणाचं समजतात. पुढचं चाक किंचित वळवायचं, पायडलवर उभं राहायचं आणि तसूभर पुढं, तसूभर मागं करत तोल सांभाळायचा. चाक आणि पाय एकमेकांना बांधलेले असल्यामुळे या सायकलला मागंही जाता येतं. जागच्या जागी हे डुलणं पाहून मागची ॲक्टिव्हा हॉर्न देते. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणतो, "साहेब, पाय टेकवा, कोण बघत नाहीये." खरं तर सगळा चौक बघत असतो आणि त्याच्या डुलण्याचं कारण सगळ्यांनी एकच धरलेलं असतं. भर सकाळी, ऑफिसच्या वेळेला!

त्याच्या ब्रेकची कथा वेगळी आहे. सुरुवातीला पुढचाही ब्रेक नव्हता. पायांनी पायडल अडवून चाक थोपवायचं, फारच गरज पडली तर अंगाचा भार पुढं टाकून मागचं चाक घसरवायचं, हीच त्याची विद्या. वहिनींनी ही विद्या एकदा गॅलरीतून पाहिली. त्याच आठवड्यात पुढच्या चाकाला ब्रेक आला. हे कसं घडलं ते तो सांगत नाही. तो सांगतो की ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार फिक्स्ड सायकलला पुढच्या चाकाचा ब्रेक सक्तीचा आहे. कोथरूडमध्ये ब्रिटनचा कायदा इतक्या तत्परतेनं लागू झाल्याचं दुसरं उदाहरण १९४७ नंतर सापडायचं नाही.

मागचं चाक घसरवण्याच्या शास्त्रानं माझ्या मुलीचं मात्र भलं केलं. सहावीत तिचं अपूर्णांकांशी वाकडं होतं. एका रविवारी फिक्सीवाल्यानं तिला वहीच्या मागच्या पानावर ४६ भागिले १६ लिहून दिलं आणि अतिसंक्षिप्त रूप काढायला सांगितलं. तेवीस अष्टमांश. "छेद आठ. म्हणजे माझं टायर आठ ठिकाणी झिजणार." मग ४८ भागिले १६. "छेद एक! म्हणजे प्रत्येक वेळी टायरची तीच जागा रस्त्याला घासणार. महिनाभरात भोक. आणि ४७ भागिले १६ केलंस तर?" तिनं करून पाहिलं, भाग जाईना. "सोळा!" ती ओरडली. त्यानंतर ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सायकलचे दाते मोजत असे. गणिताच्या बाईंनी पालकसभेत विचारलं की ही उत्तरपत्रिकेत टायर का लिहिते.

बाकी त्याचं ज्ञान लिफ्टमध्ये वाटलं जातं. सायकल खाली पार्किंगमध्ये ठेवण्याइतका त्याचा मानवजातीवर विश्वास नाही, त्यामुळे ती लिफ्टमध्ये उभी करून तो पाचव्या मजल्यावर नेतो आणि उरलेल्या जागेत आपण हँडल पोटात घेऊन उभे राहतो. तळमजल्यावर १९०३ साल असतं. पहिली टूर द फ्रान्स, २४२८ किलोमीटर, जिंकणारा मॉरिस गारँ. दुसऱ्या मजल्यापर्यंत आपण १९३७ ला पोहोचतो, कारण तोवर त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्राला बंदीच होती. चढ आला की खाली उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, दुसऱ्या बाजूला वेगळं चक्र. तिसऱ्या मजल्यावर जपान येतं. १९४८ साली कोकुरा शहरात सुरू झालेल्या केरिन शर्यती, पुरुषांच्या सायकली आजही स्टीलच्या, फिक्स्ड आणि बिनब्रेकच्या, आणि त्यांवर लोक रीतसर पैसे लावतात. चौथ्या मजल्यावर मी उतरतो. मी राहतो तिसऱ्यावर, पण हँडल सरकवून मिळेपर्यंत तिसरा निघून गेलेला असतो.

स्टीलचा विषय निघाला तर मजलेही पुरत नाहीत. ही सायकल क्रोमोलीची, म्हणजे पोलादात टक्काभर क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम. नळ्या टोकांना जाड, मध्ये पातळ. तो नखानं नळीवर टिचकी मारतो आणि आपल्याला कान लावायला सांगतो. सी विंगमधला कार्बनवाला आपल्या सायकलीचं वजन एका बोटावर तोलून दाखवतो, तेव्हा हा फक्त म्हणतो, "तडा गेला की कुठं नेणार? माझी मोडली तर कात्रजचा वेल्डरसुद्धा जोडून देईल." यात तथ्य आहे. पुण्याचे खड्डे पाहता जाड टायर आणि स्टीलची चौकट हा वेडेपणा अजिबात नाही. बिघडायला गिअर नाहीत, ताणायला त्यांच्या केबली नाहीत, पावसाळ्यात चेन पुसून तेल सोडलं की झालं. आठ वर्षं ती सायकल एकदाही दुरुस्तीला गेली नाही, हे मला कबूल करावं लागतं. मी ते त्याच्यासमोर कबूल करत नाही, कारण मला संध्याकाळी इतरही कामं असतात.

वहिनींचं निदान मला सर्वांत अचूक वाटतं. "सायकलला फ्रीव्हील नाही ते ठीक आहे हो, पण ह्यालाही नाही. एकदा सुरू झाला की समोरच्याला पाय काढता येत नाही."

सोसायटीत त्याला खरा समजून घेणारा एकच आहे, तळमजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा. त्याच्या तीनचाकीचे पायडल पुढच्या चाकालाच बसवलेले. त्यानं एकदा या सायकलकडे नीट पाहून घेतलं आणि जाहीर केलं, "माझी पण अशीच आहे." फिक्सीवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेव्हापासून दोघं पार्किंगमध्ये उलटी सायकल चालवतात.

उलट बाजूला आहेत बी विंगमधले आजोबा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी झाली, आणि पुणे सायकलींचं शहर होतं त्या काळात रोजचं जाणं-येणं हर्क्युलिसवर. त्यांच्यासमोर फिक्सीवाला जरा जपून बोलतो, कारण आजोबांनी सायकल छंद म्हणून चालवलेली नाही. "आम्ही सायकल चालवायचो कारण खिशात पैसे नव्हते," ते म्हणतात. "तू चालवतोस कारण जास्त झालेत. आणि फ्रीव्हील बिघडलं की आमचा जीव जायचा रे. तू ते काढून टाकायचे पैसे दिलेस?"

अशा वेळी फिक्सीवाला आपला हुकमाचा एक्का काढायचा, आंरी देग्रांज. टूर द फ्रान्स सुरू करणारा माणूस. स्वतःही कच्चा नव्हे. १८९३ मध्ये पॅरिसला एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल हाणून पहिला अधिकृत तासाचा विक्रम करणारा. त्याचं मत असं की, गिअर ही पंचेचाळिशीपुढच्यांची सोय आहे. धडधाकट माणसानं आपल्या स्नायूंवर जिंकावं. हे ऐकवताना फिक्सीवाल्याचा आवाज कीर्तनकारासारखा चढत असे. वर्षानुवर्षं त्यानं सगळ्यांना हे ऐकवलं. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. एकोणचाळीस. चाळीस.

गेल्या पावसाळ्यात त्याचा उजवा गुडघा बोलू लागला. घरात जिना उतरताना तो कठड्याला धरायचा, पण खाली कोणाला दिसू द्यायचा नाही. डॉक्टरांनी सायकल बंद करू नका म्हटलं, फक्त जोर कमी लावा. एका सकाळी तो निघाला तेव्हा पाय नेहमीपेक्षा भरभर फिरत होते आणि सायकल मात्र नेहमीपेक्षा हळू चालली होती. मला काही कळलं नसतं. पण माझी मुलगी, आता नववीत आहे, फाटकापाशी उभी होती. तिनं मागचे दाते मोजले.

"काका, अठरा लावलंत?"

"हो, म्हणजे," तो म्हणाला, "टायरसाठी. शेहेचाळीस भागिले अठरा. तेवीस नवमांश. छेद नऊ झाला ना आता. आठाऐवजी नऊ ठिकाणी झिजणार."

"पण मग सोपं पण जातं ना, काका?"

त्यानं हेल्मेटचा पट्टा पुन्हा एकदा घट्ट केला, जो आधीच घट्ट होता.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत वहिनींनी सहज सांगून टाकलं की परवा ह्याला सेहेचाळिसावं लागलं. आजोबा पुढंच उभे होते. कानानं त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण हे नेमकं ऐकू गेलं. हातातली खिरापत त्यांनी सावकाश संपवली, हात धोतराला पुसला आणि मागं वळले.

"काय रे, ते तुझे फ्रेंच साहेब, शर्यतवाले, ते काय म्हणायचे? पंचेचाळिशीनंतर कुणी काय वापरावं?"

रांगेतले सगळे वळून बघू लागले. कार्बनवाला तर ताट खाली ठेवून आला.

"देग्रांज?" फिक्सीवाला म्हणाला. "त्याचं काय मनावर घेता, आजोबा! पेपरवाला होता तो. खप वाढवायला शर्यत काढली होती त्यानं."